ओल्या आंब्याच्या लाकडाचं वजन आणि पिकअपचा हौदा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. देवगड तालुक्यात आमची सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आंब्याची बाग आहे. भिरूड (खोड पोखरणारी अळी) लागून चार जुनी कलमं मेली, एक मोठा रायवळ (बाठ्यापासून वाढलेला गावठी आंबा) वादळात कलंडला. आता पावसाआधी ही लाकडं घरी आणून बेगमी करायची आहे. बागेपासून घर सात किलोमीटर, निम्मी वाट कच्ची आणि उताराची. गेल्या दिवाळीत कर्ज काढून 1.3 टनी पिकअप घेतली. आंब्याच्या पेट्या याच गाडीतून जातात. घरचे म्हणतात भाड्याचा ट्रॅक्टर बोलवा, लाकडांनी नव्या गाडीची वाट लागेल. खरंच लागते का? काय काळजी घ्यावी?
— एक बागायतदार

उत्तर : वाट लागते, पण लाकडांनी नाही. ती भरण्याच्या आणि उतरवण्याच्या पद्धतीने लागते. कणकवलीला हायवेलगत माझं गॅरेज आहे, 31 वर्षं झाली. एप्रिल-मे आला की पाटे, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, तुटलेल्या गाड्या येऊ लागतात. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: “फार नव्हती हो, हौदाभरच होती.”

या ‘हौदाभर’चा हिशोब आधी करू. हौदा नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि फाळक्यांची (हौद्याच्या कडेच्या पत्र्यांची) उंची दीड फूट धरली, तर जागा झाली साधारण 74 घनफूट. तुमच्या गाडीला टेप लावून माप घ्या, थोडा फरक पडेल. ताजं तोडलेलं ओलं आंब्याचं लाकूड घनफुटाला 27 किलोच्या आसपास भरतं. रचताना मध्ये पोकळी राहते, म्हणून रचलेल्या घनफुटाला 17 किलो धरा. गुणाकार केलात तर साडेबाराशे किलो होतात. म्हणजे लाकूड फाळक्याच्या वर एक बोटही न काढता तुमची गाडी भरली. त्यावर दोन गडी बसले की मर्यादा ओलांडलीच. आरसी बुकात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचं वजन दिलेलं असतं. वजाबाकी करा, त्यात ड्रायव्हर आणि माणसंही धरायची आहेत. पहिली खेप जवळच्या वजनकाट्यावर नेऊन बघा म्हणेन मी. एकदा आकडा बघितला की पुढे अंदाज चुकत नाही.

मेलेली कलमं उभी वाळली असतील तर ती बरीच हलकी भरतील. रायवळ मात्र ओला आहे. त्याचे तुकडे करून, चिरून, सड्यावरच महिनाभर उन्हात पडू द्या. मधलं पाणी उडालं की तेवढं वजन तुमच्या पाट्यांवरून कमी झालं.

पाट्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो. मागच्या वर्षी एक पिकअप आली, मागचा डावा मेन पाटा सेंटर बोल्टजवळ (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टजवळ) तुटलेला. तुटलेलं तोंड मी मालकाला उन्हात धरून दाखवलं. अर्धा भाग तांबूस, गंज चढलेला. अर्धा चांदीसारखा चकचकीत. तांबूस भाग म्हणजे जुनी भेग. ती आधीच्या कुठल्या तरी खेपेत पडली होती, गाडी तशीच धावत राहिली आणि उरलेल्या अर्ध्याने त्या दिवशी जीव सोडला. म्हणून सांगतो, गाडी काल चालली यावरून आज चालेल असं धरू नका. दर दोन-तीन खेपांनंतर खाली वाकून पाटे पुसा, बॅटरी मारून भेग दिसते का बघा, पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सैल नाहीत ना याची खात्री करा.

काहीजण जादा पाटा चढवून घेतात. पाटा वाढला की गाडी भाराने खाली बसत नाही, एवढंच. एक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर कंपनीने दिले तेवढेच राहतात. भार वाढवायला म्हणून असा पाटा मी कुणालाही बसवून देत नाही.

आता भरणं. ओंडका खांद्यावरून हौद्यात टाकू नका, ठेवा. धप्पकन पडला की पत्र्याला खड्डा पडतो, रंग उडतो, त्या खड्ड्यात पाणी साचतं आणि आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत तिथं भोक. तळाला जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा किंवा जाड रबरी मॅट अंथरा. फाळका खाली पाडून त्यावर जड ओंडका घसरवत चढवायचा, ही सवय सोडा. सगळा भार बिजागऱ्यांवर आणि साखळीवर येतो, फाळका वाकला की पुन्हा नीट बसत नाही. दोन जाड फळ्यांचा उतार करा, वरचं टोक हौद्याच्या तळावर टेकवा. आणि फाळक्यावर लाकूड धरून फोडायचं तर मुळीच नाही.

जड ओंडके तळाला, केबिनकडे, लांबीत. मागच्या एक्सलच्या मागे भार गेला की पुढची चाकं हलकी होतात आणि उतारावर स्टिअरिंग हाताला लागत नाही. ओंडका आणि पुढचा फाळका यांत फट ठेवू नका. मी तरुणपणी टीचभर फट ठेवली होती. वळणावर म्हैस आडवी आली, ब्रेक दाबला, ओंडका सरकला आणि मागची काच फोडून टोक माझ्या मानेशी आलं. शेजारी धाकटा भाऊ होता. काचा त्याच्या केसांतून संध्याकाळपर्यंत निघत होत्या. तेव्हापासून मी फटीत पाचर ठोकल्याशिवाय गाडी हलवत नाही.

आडवा-उभा दोर ताणून बांधा. कच्च्या वाटेवर एखादा किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा आवळा, कारण लाकडं हादऱ्याने बसतात आणि दोर ढिला पडतो. टायरची हवा भरलेल्या गाडीसाठी सांगितली आहे तेवढी. दाराजवळच्या स्टिकरवर बघा. सड्याचा उतार पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ते तापतात आणि शेवटच्या वळणावर धरत नाहीत.

घरी आल्यावर त्याच दिवशी हौदा झाडा. सालीचा भुगा पाणी जाण्याची भोकं बुजवतो. मॅट उचलून खालून धुवा, वाळवा, मगच परत घाला. कुठे रंग खरवडला असेल तर पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइड आणि वर रंग, पाऊस सुरू व्हायच्या आधी. पेट्या याच हौद्यातून जाणार आहेत, उचकटलेला पत्रा त्यांना फाडतो.

भिरुडाची लाकडं मात्र वेगळी ठेवा. भोकातून ताजा भुसा पडत असेल तर अळी आत जिवंत आहे. असं लाकूड घरामागच्या कलमांशेजारी रचून पावसाळाभर ठेवू नका, ते आधी चुलीत घाला.

ट्रॅक्टरचं म्हणाल तर एकाच गोष्टीसाठी बोलवा: रायवळाचा बुंधा. तो न चिरता पिकअपमध्ये घालायचा विचारही नको.

प्रश्न : स्वतःच्या बागेतलं लाकूड स्वतःच्या गाडीतून नेताना अडवतात का?
— एक वाचक, लांजा

उत्तर : अडवू शकतात. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन, किंजळ ही झाडं आहेत. ती मालकीची असली तरी तोडायला परवानगी लागते. तेव्हा कुऱ्हाड लावण्याआधी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जा, वाहतुकीच्या परवान्याचंही तिथेच विचारा आणि कागद गाडीत ठेवा. शिवाय जादा भाराला मोटार वाहन कायद्याने 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. फांद्या हौद्याबाहेर लोंबत असतील तर त्यालाही 20,000. फांद्या बागेतच छाटून भारे बांधा.