बाहेर लावायचा छोटा दिवा खरंच वॉटरप्रूफ आहे का, हे घरच्या घरी कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंय की तुळशीपाशी लावायला सोलरचा छोटा दिवा आणलाय, खोक्यावर आयपी 65 छापलंय, तर पावसाळ्याआधी त्या आकड्यावर विश्वास ठेवावा का. नुसत्या आकड्यावर नको. एक दुपार काढा आणि तपासून बघा. मी रत्नागिरीकडे वायरिंगची कामं करतो. जून लागला की पाणी भरलेले दिवे उतरवायला दर वर्षी बोलावणी येतात, आणि त्यातले बरेचसे दिवे आधी तपासले असते तर वाचले असते.

आकड्याचा अर्थ आधी बघू. दिव्याच्या आत धूळ-पाणी जाऊ नये यासाठीच्या आयईसी 60529 या आंतरराष्ट्रीय मानकात पहिला आकडा 6 म्हणजे आत धूळ शिरत नाही. दुसरा 5 म्हणजे 6.3 मिलिमीटरच्या नोझलमधून मिनिटाला 12.5 लिटर पाणी, अडीच ते तीन मीटरवरून, सगळ्या बाजूंनी, किमान 3 मिनिटं मारलं तरी आत नुकसान होता कामा नये. बुडवण्याची हमी यात नाही. त्यासाठी शेवटचा आकडा 7 लागतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. त्यामुळे 65 चा दिवा बादलीत बुडाला आणि पाणी प्यायला, तर कंपनी खोटं बोलली असं होत नाही.

म्हणून पाइपनेच तपासा. 20 लिटरची बादली साधारण दीड मिनिटात भरेल इतका नळ सोडा, पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून धार बारीक करा, आणि अडीच-तीन मीटरवरून दिव्याच्या चारही बाजूंनी, खालूनसुद्धा, तीन-चार मिनिटं मारा. दिवा 230 व्होल्टवरचा असेल तर आधी प्लग काढा आणि वायरचं टोक उंच, कोरडं बांधून ठेवा. त्यात कसलीही सवलत घेऊ नका.

पण खरी गोष्ट पुढेच आहे: दिवा गार असताना ही चाचणी करून पुरतं कळत नाही. दिवा तापला की आतली हवा फुगते आणि जिथे फट असेल तिथून बाहेर पडते. 30 अंशांचा दिवा 60 अंशांवर गेला तर 100 मिलिलिटर हवेतली जवळजवळ 10 मिलिलिटर निघून जाते. मग वरून सर येते, दिवा झटकन गार होतो, आणि तेवढीच जागा भरायला तो बाहेरचं ओढून घेतो. त्या वेळी फटीवर पाणी असेल तर पाणीच आत जातं. दोन चमचे पाणी, एका सरीत! म्हणून सोलरचा दिवा दोन तास कडक उन्हात ठेवा, विजेचा असेल तर तासभर चालू ठेवून मग प्लग काढा, आणि गरम असतानाच पाणी मारा.

आत पाणी गेलं की नाही हे काचेवरून ठरवू नका. दिवा स्क्रूने उघडत असेल तर आधीच आत टिश्यूचा तुकडा ठेवा, त्यावर स्केचपेनने रेघा मारून. थेंबभर पाणी लागलं तरी शाई पसरते, आणि टिश्यू नंतर वाळला तरी तो डाग राहतो. बंद करताना रबर खाचेत नीट बसलंय ना ते बघा आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे कसा. दिवा उघडत नसेल तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आधी आणि नंतर वजन करा, बाहेरून अगदी कोरडा पुसून. दोन-तीन ग्रॅम वाढले तर ते पाणीच.

गेल्या वर्षी एका होम-स्टेच्या पायवाटेवर सहा दिवे लावले होते. पहिल्याच पावसात तीन भरले. काच शाबूत, रबर शाबूत. एक हातात घेऊन वायर हलवली तर ती ग्लँडमध्ये, म्हणजे वायर दिव्यात शिरते तिथे तिला घट्ट धरणाऱ्या बुचात, सैल फिरत होती आणि तिच्या कडेने पाणी झिरपत होतं. वायर बारीक, ग्लँड जाड वायरीचा. आत बघितलं तर तांब्याच्या टोकावर हिरवट बुरशीसारखा थर चढलेला. तेव्हापासून नवा दिवा हातात आला की मी पहिल्यांदा वायरच ओढून बघतो.

फट सापडली तर बारीक वायरीला बसेल असा ग्लँड लावा, आणि वायरला दिव्यापाशी खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ दिव्याकडे न जाता झोळातून ठिबकेल. सिलिकॉन लावलंत तर चोवीस तास वाळू द्या. तळाला बारीक भोक असेल तर मात्र ते बुजवू नका, कित्येक दिव्यांत ते पाणी निघून जायला मुद्दाम ठेवलेलं असतं.

आणि दिवा नवा असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. शाई पसरलेल्या टिश्यूचा फोटो काढा, बिल घ्या आणि परत करायची मुदत संपायच्या आत दुकानात जा.