टाच दुखतेय? आधी नेमकं ठिकाण शोध

आधी हात लावून बघ. सकाळच्या पहिल्या पावलाला टाचेच्या तळाशी कळ येत असेल, तर बहुधा प्लांटर फॅशिआयटिस, म्हणजे तळपायाच्या जाड पट्ट्याचं दुखणं. टाचेमागे, हाडाच्या दोन ते सहा सेंटिमीटर वर चिमटीत धरल्यावर दुखत असेल, तर अकिलिस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी कंडरा.

नवीन पळणाऱ्यांना हे बहुतेक घाईने होतं. वडोदऱ्याच्या कमाटीबागेत चार फेऱ्या जमल्या की लगेच रविवारी पावागड डोंगराच्या पायऱ्या! दम लवकर वाढतो रे, कंडरेला ताकद यायला महिने लागतात.

पण घाबरून पाय पूर्ण बंद ठेवू नकोस, हे अगदी कळकळीनं सांगतो. कंडरेला बेताचा भार हवाच. स्वीडनचे हाडांचे डॉक्टर आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम कर: पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहा, दोन्ही पायांनी वर जा, मग फक्त दुखऱ्या पायावर टाच सावकाश खाली सोड. १५ वेळा, तीन फेऱ्या, गुडघा सरळ ठेवून आणि मग तेवढंच गुडघा वाकवून. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. थोडं दुखलं तरी चालतं. मात्र दुखणं हाडालगतच असेल तर पायरी नको, सपाट जमिनीवरच कर.

सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिक घेतली असशील तर डॉक्टरांना आवर्जून सांग, त्यांनी कंडरेला इजा होऊ शकते. आणि पळताना मागून लाथ बसल्यासारखं वाटलं, चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.