तिसरीच्या पोरांना सूर-ताल, आणि तो वह्यांचा ताप

ताई, तिसरीची 45 मुलं, शाळेत पेटी नाही, तुम्ही स्वतः गाणं शिकलेल्या नाही, मुलांनी सा रे ग म पाठ केलंय पण कुणाचा सूर कुणाला लागत नाही. आणि त्यावर कडी म्हणजे "संगीताच्या वह्या तयार ठेवा" असा निरोप. तर शिकवायचं कसं, ही तुमची पोस्ट वाचताना बाकी सगळं ठीक वाटलं, वह्यांपाशी मात्र जुनी जखम उघडी झाली. म्हणून आधी तेच सांगतो.

मी सोलापुरात पूर्व भागातल्या प्राथमिक शाळेवर होतो. एका कार्यालयातून साहेब तपासणीला आले. (नाव घेत नाही, पेन्शनची कामं अजून पडतात.) पोरांनी टाळीवर दादरा (सहा मात्रांचा, म्हणजे सहा ठोक्यांचा ताल) धरला, दोन गट करून गाणं म्हटलं, एकजण चुकला नाही. साहेब म्हणाले, "छान. वह्या कुठायत?" वह्या नव्हत्या. शेरा पडला की लेखी काम आढळले नाही. मग पुढचं अख्खं सत्र नाद म्हणजे काय, स्वर म्हणजे काय, आरोह म्हणजे काय, सगळं फळ्यावरून वहीत. पोरं 'दोन मात्रांमधील समान अंतरास लय म्हणतात' असं सुवाच्य अक्षरात लिहायची, आणि टाळी द्या म्हटलं की सुसाट पळत सुटायची. आधी कमावलेलं सगळं पाण्यात.

बरं, याला नियमाचा आधार तरी असावा! 2010 च्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांना संकलित म्हणजे सत्राअखेरची परीक्षा ठेवलेलीच नाही, सगळं आकारिक, म्हणजे शिकताना बघून नोंदवायचं. दैनंदिन निरीक्षण, प्रात्यक्षिक, उपक्रम ही साधनं त्यासाठीच आहेत. मी कागद घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, "ते बरोबर आहे हो मास्तर, पण वह्या असू द्या." यावर काय बोलणार? तुम्ही तुमच्या नोंदवहीत लिहा: 'टाळी टिकवतो', 'सुरात सूर मिळवते', 'इतरांच्या पुढे पळतो'. मुलांकडून एक ओळही लिहून घेऊ नका. अर्थात नियम बदलत राहतात, ताजं परिपत्रक मुख्याध्यापकांकडून बघून घ्या, नाहीतर माझ्या नावानं वाद घालाल.

आता शिकवण्याचं. आधी लय, सूर नंतर. तुमची शाळा अक्कलकोट रोडच्या बाजूला आहे म्हणता, म्हणजे यंत्रमाग ऐकू येत असणारच. खिडक्या उघडा आणि मागाबरोबर टाळी द्यायला लावा. माग चढत नाही की उतरत नाही, चढतो तो मास्तर. आमच्याकडं एक पोरगं टाळी मधेच थांबवून म्हणालं, "सर, ते दोन माग कधी येगळं वाजूलालेत, कधी एकदमच पडूलालेत की!" खरंच होतं. गतीत किंचित फरक असला की ठोके सरकत सरकत एका क्षणी जुळतात आणि परत फाकतात. मग आठवडाभर तोच खेळ, कोण आधी ओळखतंय. ती काही सम (तालाची पहिली मात्रा) नव्हे, पण जुळल्यावर बाकावर हात मारायची सवय पुढं समेला उपयोगी पडली.

मग दादरा. सहा मात्रा, 'धा धी ना, धा ती ना', पहिल्या मात्रेला टाळी, चौथ्या मात्रेला हात उघडा. दोन आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) तोंडानं, तिसरं मनातल्या मनात, आणि चौथ्याच्या पहिल्या 'धा'ला सगळ्यांनी टाळी. सुरुवातीला कढईत लाह्या फुटाव्यात तशा टाळ्या पडतील. एक टाळी ऐकू येईपर्यंत पुढं जाऊ नका. आणि हे हळू आवाजात करा, मोठ्यानं म्हणा सांगितलं की पोरं वेग वाढवतात.

सुरांचं म्हणाल तर सातही स्वर एकदम नकोत. भूप रागाचे पाच घ्या, सा रे ग प ध. म आणि नी नसल्यामुळं लागून येणारं अर्ध्या स्वराचं अंतर त्यात कुठंच येत नाही, आणि लहान मुलं नेमकी तिथंच घसरतात. मोबाईलवरचा तानपुरा काळी पाचला (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावा. माझ्यासारखा बाप्या काळी एकला म्हणायला लागला की पोरं त्याच्यासारखा जाड आवाज काढायला बघतात आणि सगळा वर्ग घुमायला लागतो. तुमचा आवाज त्यांच्या जवळचा, हा तुमचा फायदा. त्याहून बरं म्हणजे वर्गात एखादी सुरेल मुलगी असतेच, तिला आधी म्हणू द्या. उंच स्वर म्हणजे मोठा आवाज असं बहुतेक पोरांना वाटतं, त्यासाठी 'ध' हळू आणि 'सा' जोरात म्हणवून घ्या.

ज्याचा सूर लागत नाही त्याला "तू नुसते ओठ हलव" म्हणू नका. हात जोडून सांगतो. त्याला एक कान हातानं झाकून म्हणायला लावा, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू आला की बरीच पोरं आपोआप जवळ येतात. सगळीच येतात असं नाही.

पालक गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक या संगीत परीक्षेचा फॉर्म भरायचा म्हणतील. तिसरीत मला ते पटत नाही, पण घरी रियाज करून घेणारं कुणी असेल तर भरू दे. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत नवीन काही काढू नका, हजेरीच नसते. जी येतील त्यांना ऐकून आलेली हलगी बाकावर वाजवायला सांगा.

पेटीसाठी अर्ज जरूर करा. मिळाली तर डेडस्टॉकला (शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत) चढवायच्या आधी भाता उघडून बघा. आमची आली ती उंदरांनी खाल्लेली, आणि पोचपावतीवर 'सुस्थितीत मिळाली' म्हणून मुख्याध्यापकांची सही आधीच होऊन बसली होती.