टबामागची भिंत आणि ‘एफडीसारखी’ पॉलिसी

ठाण्याच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ५७, निवृत्तीला तीन वर्षं, फ्लॅट १८ वर्षं जुन्या इमारतीत. बाथटबच्या मागच्या भिंतीतून पाणी झिरपून खालच्यांच्या छताला ओल आली आहे, त्यामुळे जुन्या टाइल्स फोडून नव्या बसवायच्या आहेत. ठेकेदाराने २ लाख १० हजार सांगितले, त्यात वॉटरप्रूफिंगचे २८ हजार. प्रश्न असा, की वॉटरप्रूफिंग वगळलं आणि ते २८ हजार म्युच्युअल फंडात टाकले, तर पाच वर्षांत लाख होतील का?

होणार नाहीत. त्यासाठी दरसाल २९ टक्के लागतील. १२ टक्के मिळाले तरी हातात ४९ हजार, आणि त्या १२ची हमीही कुणी देऊ शकत नाही.

वॉटरप्रूफिंग करून घ्या. नुसत्या टाइल्सनी पाणी अडत नाही. ते सांध्यांमधल्या ग्राउटमधून आणि टबाची कड भिंतीला टेकते तिथून आत शिरतं. कोटिंग टाइल्सच्या आत, गिलाव्यावर दोन हातांत लागतं, त्यामुळे नंतर आठवण झाली तर सगळं पुन्हा फोडावं लागतं. शिवाय न्हाणीघरातली गळती ज्याची त्याने निस्तरायची, असं सोसायटीच्या उपविधींतच आहे. कोटिंग शॉवरच्या उंचीपर्यंत न्यायला सांगा आणि पाणी साठवून चाचणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. (साठीकडे झुकताना टबाची कड ओलांडायची हौस कशाला, हे घरात एकदा बोलून घ्या.)

आता तुम्ही न विचारलेलं. पत्राच्या शेवटी लिहिलंय, “एफडीचे दोन लाख सुटले होते, पण बँकेतल्या मॅडमनी ते एफडीसारख्याच योजनेत टाकले, म्हणून कामासाठी पर्सनल लोन मंजूर करून घेतलंय.” सोबत कागदांचे फोटो आहेत. ती एफडी नाही. बोनसवाली विमा पॉलिसी आहे: १५ वर्षांची, दरसाल २ लाखांचा हप्ता, १० वर्षं. म्हणजे निवृत्तीनंतरचे सात हप्ते, १४ लाख रुपये, पगार बंद झाल्यावर भरायचे! हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार.

कागदांतल्या अंदाजी परताव्याच्या तक्त्यात मॅडमनी पेनने गोल केलेला ८ टक्क्यांचा रकाना ही हमी नव्हे. कंपन्यांना ४ आणि ८ टक्के असे दोन्ही रकाने नियमाने छापावे लागतात. दोन्ही निव्वळ गृहीतकं, आणि त्यातून खर्च वजा होतो तो वेगळाच. अशा पॉलिसीतून ५ टक्क्यांच्या आसपास सुटले तरी पुष्कळ. उलट लोन १४ टक्क्यांचं. २ लाख तीन वर्षांसाठी घेतले तर व्याजच ४६ हजार. वॉटरप्रूफिंगचे २८ हजार वाचवायला निघालेल्या माणसाने हे करावं?

सुदैवाने पॉलिसीचे कागद तुमच्या हाती पडून अठराच दिवस झालेत. फ्री लुकची, म्हणजे पॉलिसी नको वाटली तर परत करायची, मुदत कागद मिळाल्यापासून ३० दिवसांची असते, म्हणून हे उत्तर तुम्हाला आधीच ईमेलने पाठवलं आहे. त्या मुदतीत पॉलिसी रद्द केली, तर तेवढ्या दिवसांचा विम्याचा खर्च, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क वजा होऊन बाकी पैसे परत मिळतात. अर्ज बँकेत देऊ नका. तिथे ‘मॅडम रजेवर आहेत’ ऐकण्यात दिवस जातील. थेट विमा कंपनीच्या शाखेत लेखी द्या, पोच म्हणून शिक्का घ्या, तोच अर्ज कंपनीला ईमेलही करा. समजवायला फोन येतील, ‘एक वर्ष तरी ठेवा’ म्हणतील. ऐकू नका.

लोन अजून उचललेलं नाही ना? मग उचलू नका. परत आलेल्या पैशात न्हाणीघर होईल, वरचे दहा-बारा हजार बचत खात्यातून घाला. ठेकेदाराला महिनाभर थांबायला सांगा. तोवर त्या शॉवरखाली अंघोळ बंद ठेवा आणि खालच्या शेजाऱ्यांना कामाची तारीख कळवून टाका.