टुटू यांच्या क्षमेत न्याय कुठे होता?

प्रश्न : वर्णद्वेषी राजवटीतील अत्याचारांचे सत्य उघड करण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत नेमलेल्या, आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य आणि सलोखा आयोगाने त्या राजवटीच्या मारेकऱ्यांनाही माफी दिली, असे वाचले. ज्यांची माणसे गेली, त्यांच्यावर हा अन्याय नव्हे काय? आणि इतके दुःख ऐकणारा माणूस एवढा मनमोकळा हसे तरी कसा?

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे, आणि तो प्रथम घेतला पीडितांच्याच कुटुंबांनी. १९७७ मध्ये पोलीस कोठडीत झालेल्या छळानंतर मरण पावलेले कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे नेते स्टीव्ह बिको यांचे कुटुंबीय माफीच्या तरतुदीविरुद्ध घटना न्यायालयात गेले होते. १९९६ मध्ये ते हरले. मात्र ही माफी सरसकट नव्हती, आणि ती देणे टुटू यांच्या हातीही नव्हते. न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समिती प्रत्येक अर्ज तपासत असे, आणि कृत्य राजकीय हेतूने झाले असेल व अर्जदाराने आपल्या नावानिशी पूर्ण सत्य सांगितले असेल, तरच तो मंजूर होई. सात हजारांहून अधिक अर्जांपैकी बहुतेक फेटाळले गेले. त्यांत बिको प्रकरणातील पोलिसांचेही होते. पुढे त्यांच्यावर खटले भरले गेले नाहीत. माझ्या मते अन्याय झाला तो इथे, क्षमेच्या टप्प्यावर नव्हे. खटल्यांतील ही चालढकल आणि पीडितांना मिळालेली तुटपुंजी भरपाई यांबद्दल टुटू यांनी स्वतः आपल्या लोकांच्या सरकारला जाहीरपणे धारेवर धरले.

सत्तेला सुनावण्याची ही सवय जुनीच होती. कृष्णवर्णीय मुलांना हेतुपुरस्सर निकृष्ट शिक्षण देणारा कायदा आला, तेव्हा त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली होती. स्वकीयांनाही त्यांनी सूट दिली नाही : १९८५ मध्ये दुदुझा येथे खबऱ्या असल्याच्या संशयावरून जमाव एका माणसाला जाळू पाहत असताना ते मध्ये पडले आणि त्याला वाचवले.

हसण्याविषयी सांगायचे, तर ते दुःखाला पाठ फिरवून आलेले नव्हते. एप्रिल १९९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन शहरात झालेल्या आयोगाच्या सुनावणीत एका वृद्ध पीडिताची साक्ष ऐकताना ते टेबलावर डोके टेकवून रडले. मात्र त्यामुळे लोकांचे लक्ष साक्षीदारावरून आपल्याकडे वळले, ही गोष्ट त्यांना टोचली, आणि पुन्हा असे होऊ द्यायचे नाही असे त्यांनी ठरवले. वर्णद्वेष ईश्वराच्या जगात टिकूच शकत नाही, अशी त्यांची नितांत श्रद्धा होती. म्हणूनच ती राजवट भक्कम दिसत असतानाही ते गोऱ्या राज्यकर्त्यांना हसत हसत सांगत, की अजूनही वेळ आहे, जिंकणाऱ्या बाजूला येऊन मिळा.