रेडके पोसून विकावीत का? निवृत्तीच्या पैशातील साडेसात लाखांचा हिशेब

वाळवा तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. साखर कारखान्यातून त्यांनी ५१व्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली असून भविष्य निर्वाह निधी आणि उपदान (ग्रॅच्युइटी) मिळून १४ लाख रुपये त्यांच्या हाती आले आहेत. घरी तीन एकर ऊस आणि पाच मुऱ्हा म्हशी आहेत, दुधावर घरखर्च भागतो, आणि मुलीच्या अभियांत्रिकी शिक्षणाची दोन वर्षांची प्रत्येकी १ लाख ३० हजार रुपये फी अजून भरायची आहे. दुधाच्या गोठ्यांमधून चार-साडेचार महिन्यांची २० रेडके प्रत्येकी सात हजारांना घ्यावीत, दहा महिने पोसून मांसासाठी विकावीत आणि पुढच्या खेपेला शेजारपाजारचे एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायींचे गोऱ्हेही बांधावेत, असा त्यांचा बेत आहे. शेड वाढवण्यासह साडेसात लाख रुपये यात घालावेत का, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

गोऱ्ह्यांचा विषय आधी संपवतो, कारण त्यात विचार करण्यासारखे काही उरलेले नाही. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम १९७६चा असून मार्च २०१५पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार गायीबरोबरच वळू आणि बैल यांच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आहे, आणि एचएफ किंवा जर्सी संकराचा नरही या बंदीतून सुटत नाही. परदेशात होल्स्टीनचे खच्ची केलेले गोऱ्हे मांसासाठी पोसण्याचा मोठा धंदा चालतो आणि त्याचे व्हिडिओ आपल्याकडेही फिरतात, पण इथे तो गोऱ्हा मांसासाठी कायद्याने विकता येईल असे गिऱ्हाईकच नाही. शेजारी तो फुकट देत असला तरी घेऊ नये.

रेडकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यावर सरसकट बंदी नाही, मात्र कत्तलीपूर्वी सक्षम अधिकाऱ्याचा लेखी दाखला लागतो आणि कानात १२ अंकी ओळख क्रमांकाचा बिल्ला असल्याशिवाय खरेदी, विक्री वा वाहतूक करण्यात आता अडचण येते. तेव्हा बेत बेकायदेशीर नाही. तो परवडतो का, एवढाच प्रश्न उरतो, आणि तिथे आपल्या कागदावरचे आकडे मला पटत नाहीत.

आपला हिशेब असा आहे: ७० किलोचे रेडकू रोज ८०० ग्रॅमने वाढून ३०० दिवसांत ३१० किलोचे होईल, रोजच्या ६० रुपये वैरण-खुराकाने १८ हजार खर्च येईल, खरेदीचे सात हजार धरून एकूण २५ हजार होतील, आणि किलोला १३० रुपये जिवंत वजनाने ४०,३०० रुपये मिळतील. म्हणजे जनावरामागे १५,३०० आणि २० रेडकांमागे तीन लाख सहा हजार रुपये नफा. बेरीज-वजाबाकी अचूक आहे, पण जे रेडकू गृहीत धरले आहे ते सात हजारांना मिळत नाही.

का मिळत नाही, हे आपल्याच गोठ्यात दिसेल. आपल्या दुधाला डेअरीत लिटरला ६० रुपये मिळतात. रेडकाला पहिले दोन महिने रोज दोन लिटर दूध पाजायचे ठरवले, तर ७,२०० रुपयांचे दूध त्याच्या पोटात जाते. चारा, औषध, मेहनत पुढेच. मग साडेचार महिन्यांचे रेडकू सात हजारांना देणाऱ्या माणसाने त्याला दूध पाजलेले असेल, हे शक्य नाही. पान्हा सुटण्यापुरते तोंड लावून बाजूला बांधलेले, पोट सुटलेले, पाठीचा कणा मोजता येईल असे, अंगावरचे केस राठ झालेले रेडकूच या भावात आपल्यापुढे उभे केले जाते. अशा रेडकाच्या पोटात बहुधा जंत असतात. लहानपणी खुंटलेले जनावर पुढे खुराक दिला तरी गेलेले दिवस पूर्णपणे भरून काढत नाही, आणि ७० किलोचे म्हणून घेतलेले रेडकू काट्यावर ५० किलोचेही भरू शकते. दुभत्या जातीच्या नराला कोणी पोसत नाही याचे कारण आळस नसून दुधाचा भाव हे आहे, आणि तो भाव न मोजता आपण त्याचे फळ मात्र मोजले आहे.

म्हणून मी रोजची वाढ ५५० ग्रॅम धरतो, आणि नियमित जंतनाशक, क्षार मिश्रण व भरडा-पेंडीचा खुराक यांवाचून तीही मिळणार नाही. २४० किलो वाढायला मग ४३६ दिवस लागतात. ६० रुपयांनी वैरण-खुराक २६,१६० रुपयांचा, त्यात खरेदीचे ७,००० आणि लस, औषधे, विमा यांचे १,५०० मिळवले की खर्च ३४,६६० होतो आणि हाती ५,६४० रुपये उरतात. वीसपैकी दोन रेडके प्रत्येकी दहा हजार खर्चून झाल्यावर दगावली, असे समजले (वाईट गोठ्यातून आणलेल्या रेडकांत हा अंदाज जास्त नाही) तर उरलेल्या अठरांचे मिळून सुमारे ८१,५०० रुपये राहतात. विक्रीच्या वेळी भाव फक्त १० रुपयांनी उतरला, तर ते २५,७०० वर येतात. वाढीव शेडचे अडीच लाख दहा वर्षांवर वाटले तरी तेवढ्या काळाची झीज ३० हजारांची होते, आणि आपल्या दोघांची मजुरी तर मी अजून धरलेलीच नाही. हेच साडेसात लाख साडेसहा टक्क्यांनी मुदत ठेवीत राहिले असते, तर त्याच साडेचौदा महिन्यांत सुमारे ५९ हजार व्याज आले असते.

त्यातही ६० रुपये हा दर हंगामातला आहे. उसाचे वाढे (शेंड्याकडचा हिरवा पाला) तोडीच्या दिवसांत, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, जवळजवळ फुकट मिळतात, म्हणून आपण वैरण स्वस्त धरली. पण ४३६ दिवसांच्या पोसण्यात उन्हाळा आणि पावसाळा येणारच, आणि तेव्हा मुरघास (मुरवून साठवलेला हिरवा चारा) किंवा कडबा विकत घ्यावा लागेल. शिवाय वाढ्यांतील ऑक्झलेट शरीराला मिळणारे कॅल्शियम अडवते, त्यामुळे नुसत्या वाढ्यांवर वाढत्या जनावराची हाडे नीट भरत नाहीत. खुराक वाढवून दिवस कमी करावेत असे वाटेल, पण भरडा एकदम वाढवला तर पोट बिघडून जनावर चार दिवस चारा सोडते, आणि वाढलेला खर्च तेवढ्याने वाया जातो. तो दोन-तीन आठवड्यांत चढवत न्यावा लागतो.

विक्रीची बाजू मला याहून अधिक चिंतेची वाटते. आपण बकरी ईदच्या आधी माल काढायचे म्हणता. ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते आणि रेडके साडेचार महिने मागे पडणार, तेव्हा तो मुहूर्त चुकणे जवळजवळ ठरलेलेच आहे. २०२५च्या पावसाळ्यात वाहने अडवून होणाऱ्या त्रासाच्या निषेधार्थ राज्यातील कुरेशी (जनावरे व मांसाचा व्यापार करणाऱ्या समाजातील) व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदीच बंद ठेवली होती, आणि म्हैसवर्गीय जनावरे कायद्याने विकता येत असूनही ती घेणारा दारात येईना. असे पुन्हा झाले तर तयार झालेली २० जनावरे रोज १,२०० रुपये खातात, म्हणजे महिन्याला ३६ हजार. मुदत ठेव मोडली तर थोडे व्याज जाते, पण गिऱ्हाईक नसलेले तयार जनावर ठेवून घेण्यालाही पैसे लागतात. मुलीची फी ज्या महिन्यात भरायची त्याच महिन्यात हे घडले, तर व्यापारी मागेल त्या भावाला दावे सोडावे लागेल.

व्यापारी बहुतेकदा नजरेने सौदा करतो, आणि ३१० किलोचे जनावर त्याच्या नजरेत २९० चे ठरले की २,६०० रुपये तिथेच जातात. काटा जवळ नसेल तर साधी टेप वापरावी: पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या पुढच्या हाडापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचात घ्यावी, घेराला घेराने आणि मग लांबीने गुणून ६६०ने भागावे. घेर ६० आणि लांबी ५२ आली, तर वजन सुमारे २८४ किलो निघते. हा अंदाजच असला तरी सौद्याला बसताना उपयोगी पडतो. खरेदीच्या दिवशी तर तो हमखास घ्यावा.

तेव्हा माझे मत असे आहे की साडेसात लाख घालू नयेत, आणि शेडला तर एक रुपयाही लावू नये. आपल्या पाच म्हशींना वर्षाकाठी दोनेक नर होतातच. त्यांना पहिल्यापासून दूध देऊन नीट वाढवावे, चार रेडके ओळखीच्या गोठ्यातून टेप लावून घ्यावीत, आणि या सहांवर अडीच लाखांची मर्यादा आखून घ्यावी. त्याआधी मुलीच्या फीचे दोन लाख साठ हजार, प्रत्येक फीच्या तारखेला मुदत संपेल अशा दोन ठेवींत, बाजूला काढावेत. घरखर्च महिना तीस हजार सांगितला आहे, त्याचे सहा महिन्यांचे एक लाख ऐंशी हजार बचत खात्यात किंवा लगेच मोडता येईल अशा ठेवीत असावेत. उरलेल्या सात लाख दहा हजारांना ५८व्या वर्षी निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत गोठ्याची वाट दाखवू नये. त्यातून एखादी जातिवंत पारडी घ्यावीशी वाटली, तर मी अडवणार नाही, कारण तिला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

सहा रेडकांची पहिली खेप विकली गेल्यावर वजनकाट्याची पावती, दाखला आणि बँकेत जमा झालेली रक्कम हे तिन्ही हातात असतील आणि जनावरामागे किमान पाच हजार उरले असतील, तरच संख्या वाढवण्याचा विचार करावा. व्यापारी रोख देऊ करील, पण एका सौद्यापोटी दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख रक्कम स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड रोख घेणाऱ्याला होतो, तोही घेतलेल्या रकमेइतका. शिवाय जनावरे पोसून विकण्याचे उत्पन्न उसासारखे करमुक्त शेतीउत्पन्न धरले जात नाही, ते व्यवसायाचे उत्पन्न म्हणून विवरणपत्रात दाखवावे लागते. म्हणून पेंडीच्या, औषधांच्या आणि विम्याच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका फायलीत लावाव्यात, आणि दुधाचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवावा.