अभिप्रेत, ध्वनित, प्रतीत : अर्थ कोणाचा?

प्रश्न : 'कवीला अभिप्रेत असलेला', 'कवितेतून ध्वनित होणारा' आणि 'वाचकाला प्रतीत होणारा' अर्थ ही एकाच गोष्टीची तीन नावं आहेत का? परीक्षणांत हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात.

उत्तर : नाहीत. अर्थाचा धनी कोण, हे प्रत्येक शब्द वेगळं सांगतो आणि ते विभक्तीतच दिसतं. अभिप्रेत असतं ते बोलणाऱ्याला, लिहिणाऱ्याला. ध्वनित होतं ते शब्दांतून, ओळीतून. प्रतीत होतं ते ऐकणाऱ्या-वाचणाऱ्याला. म्हणून 'वाचकाला अभिप्रेत अर्थ' कानाला खटकतो. 'कायद्याला अभिप्रेत' मात्र रूढ आहे. तिथे कायदा करणारा गृहीत धरलेला असतो.

अभिप्रेत (अभि + प्र + इत) आणि प्रतीत (प्रति + इत) हे दोन्ही 'इ', म्हणजे जाणे, या धातूपासून आले. प्रत्यय हा प्रतीतचा भाऊ, अभिप्राय हा अभिप्रेतचा. पण अभिप्रायाने मराठीत पक्ष बदलला. संस्कृतात तो सांगणाऱ्याचा हेतू, हिंदीतही बव्हंशी तसाच. आपल्याकडे 'वाचकांचे अभिप्राय' म्हणजे त्यांची मतं. तेव्हा संस्कृत टीकेत 'कवेः अभिप्रायः' दिसलं तर 'कवीचं मत' असं उतरवू नये. तात्पर्याचंही तेच झालं. नैयायिकांसाठी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांसाठी, ते 'वक्तुरिच्छा' (बोलणाऱ्याची इच्छा), आपल्यासाठी गोष्टीच्या शेवटचा उपदेश.

खरी गुंतागुंत 'ध्वनित'मध्ये आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या काव्यशास्त्राच्या ग्रंथात ध्वनीसाठी, म्हणजे शब्दांतून सुचणाऱ्या अर्थासाठी, जे उदाहरण घेतलं, ते हाल राजाच्या 'गाथासप्तशती'तलं, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातलं आणि गोदाकाठचं आहे. 'भम धम्मिअ वीसत्थो' अशी ती गाथा सुरू होते. आशय असा : धर्मशील माणसा, खुशाल हिंड, तो कुत्रा आज मारला गेला, गोदावरीकाठच्या जाळीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने मारला. वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, आहे 'हिंड', ध्वनित आहे 'इथे हिंडू नकोस'. कुत्र्याला भिणारा माणूस सिंह असलेल्या ठिकाणी कशाला फिरकेल?

आता इथे कोणी काय पुरवलं ते पाहा. मनाई गाथेतूनच निघते. 'सिंह' काढून तिथे 'गुराखी' घाला, मनाई नाहीशी होते. पण बोलणारी स्त्री आहे, तिची प्रियकराशी भेटायची जागा तीच आहे आणि हा भाविक तिथे फुलं तोडायला येऊन अडचण करतो, यातलं काहीही गाथेच्या शब्दांत नाही. ते टीकाकारांनी, म्हणजे जाणत्या वाचकांनी जोडलं. सुंदर जोडलं, पण जोडलं. महिमभट्ट या नंतरच्या काव्यशास्त्रकाराने तर मनाईलाही ध्वनी म्हणायला नकार दिला; त्याच्या मते हे सरळ अनुमान. 'काव्यप्रकाश' लिहिणाऱ्या मम्मटाने त्यावर उत्तर दिलं, की भित्रा माणूसही गुरूच्या किंवा मालकाच्या आज्ञेने, नाहीतर प्रेमापोटी, भीतीच्या जागी जातोच. मग अनुमानाचा आधार पक्का कसा? मला मम्मटाची बाजू पटते.

त्याच मम्मटाचं दुसरं उदाहरण वाचकाच्या बाजूचं आहे : 'गतोऽस्तमर्कः', सूर्य मावळला. सेनापतीला ते 'चढाई करा' असं ऐकू येतं, अभिसारिकेला (प्रियकराला भेटायला जाणाऱ्या स्त्रीला) 'निघ', मजुराला 'काम थांबव', गुराख्याला 'गुरं आत घे', दुकानदाराला 'माल आवर'. वाच्यार्थ सगळ्यांना एकच. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाजाचा हेल (काकू), प्रसंग, स्थळ, काळ असे घटक मम्मट मोजतो आणि शेवटी अट घालतो, की हा अर्थ प्रतिभा असणाऱ्यांनाच उमगतो. म्हणजे 'प्रतीत' झालं तरी वाटेल ते चालत नाही.

लिहिताना एवढं पाळलं तरी पुरे. 'अभिप्रेत' लिहायचं तर हातात प्रस्तावना, पत्र, मुलाखत किंवा हस्तलिखितातली खाडाखोड हवी. नुसत्या कवितेवरून ते ठरवणं धाडसाचं. 'ध्वनित' लिहायचं तर कोणत्या शब्दातून, ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. तो शब्द बदलून पाहायचा. अर्थ तरीही टिकला, तर तो त्या शब्दातून निघत नव्हता. दोन्ही जमत नसेल तर प्रामाणिक शब्द 'प्रतीत', आणि कोणाला ते सांगून : 'आजच्या वाचकाला', 'मला'. 'सूचित' लवचिक आहे. 'लेखकाने सूचित केलं' आणि 'ओळीतून सूचित होतं', दोन्ही चालतं. अडचणीतून सुटायला म्हणूनच तो फार वापरला जातो.

लेखनात दोन चुका हटकून दिसतात. 'प्रतित' नव्हे, प्रतीत : प्रति आणि इत यांचा संधी होताना 'ति'ची दीर्घ 'ती' होते. आणि 'अर्थ ध्वनीत होतो' असं लिहिलं, तर ते ध्वनी या नामाचं सप्तमीचं रूप झालं, 'आवाजामध्ये'. तिथे ऱ्हस्व नि हवी.